कान तुटलेला कप

वडप्याच्या आमच्या जुन्या घराला पडवी होती आणि पडवीच्या वळचणीला चार जर्मलच्या वाट्या आणि दोन करवंट्या खोचलेल्या असायच्या. आवणीच्या दिवसांत कातकरी बाया कामाला येत. दहाच्या सुमारास आजी गुळाचा कोरा चहा टोपात घेऊन बाहेर यायची. बाया वळचणीतून आपापलं भांडं काढत, पागोळीखाली धरून विसळत आणि पुढे करत. आजी वरून चहा ओतायची. टोपाची कड वाटीला लागणार नाही इतकं अंतर तिच्या हाताला पाठ होतं. पिऊन झालं की भांडं पुन्हा पागोळीखाली जायचं, आणि तिथून पुन्हा वळचणीला. ती भांडी कधी उंबऱ्याच्या आत आली नाहीत. आजी मायाळू होती. बायांना तिने कधी वाकडा शब्द वापरला नाही, उलट त्यांच्या चहात गूळ मुठीने जास्त पडायचा, कारण त्या सकाळपासून चिखलात भिजत उभ्या असायच्या.

त्याच घरात, माजघरातल्या फळीवर, पांढऱ्या कपबश्या होत्या. काठाला निळी रेघ होती. भिवंडीच्या बाजारातून आणलेल्या. तलाठी आले, शाळेचे गुरुजी आले, सोयरीक घेऊन कोणी आलं, मामा आले, की त्या खाली यायच्या. आणल्या तेव्हा सहा होत्या. त्यातल्या एका कपाचा कान मला आठवतं तेव्हापासून तुटलेला होता, म्हणून तो फळीवरून उतरून चुलीपाशी आला होता. आम्ही पोरं आणि वडील स्टीलच्या पेल्यातून चहा घ्यायचो. आई सगळ्यांचं झालं की उरलेला चहा त्या कान तुटलेल्या कपात ओतून घ्यायची आणि पदराने धरून प्यायची.

फळी, चूल आणि वळचण. एकाच टोपातला चहा तीन ठिकाणी जायचा. लहानपणी मला फळीचं अप्रूप होतं. आपल्या घरी पाहुण्यांसाठी वेगळ्या कपबश्या आहेत याचा अभिमान होता, कारण सगळ्यांच्या घरी त्या नसायच्या. वळचण मला दिसतच नव्हती. घराला कौलं असतात तशा वळचणीला वाट्या असतात, एवढंच. फळीचा आणि वळचणीचा काही संबंध आहे हे कळायला मला चाळिशी उलटावी लागली, आणि तोच संबंध मला इथे मांडायचा आहे.

पाहुण्यांसाठी खास कप काढणं हा आपल्याकडे निर्विवाद चांगुलपणा मानला जातो. त्यात वाईट काय असणार? आलेल्या माणसाला आपल्याकडचं उत्तम द्यावं. पण घरात उत्तम कप एकदा ठरला की बाकीचे कप आपोआप मध्यम आणि हलके ठरतात. उत्तम कप कोणाला द्यायचा हे ठरवताना तो कोणाला द्यायचा नाही हेही त्याच क्षणी ठरतं. दारात माणूस दिसल्यापासून स्वयंपाकघरातला हात फडताळाकडे जाईपर्यंतच्या चार-पाच क्षणांत त्या माणसाची जात, पगार, कपडे, त्याच्याकडून होणारं काम आणि नातं या सगळ्यांचा हिशेब होऊन गेलेला असतो. हा हिशेब कोणी मोठ्याने मांडत नाही. 'ते कप काढ' एवढंच बाहेरच्या खोलीतून ऐकू येतं. 'ते' म्हणजे कोणते हे घरातल्या शेंडेफळालाही कळतं.

आज सन्मानाची खूण झालेली ही कपबशी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या कित्येक घरांत बाटवणारी वस्तू होती, हे आपण विसरलो आहोत. तांब्या-पितळेचं भांडं चिंच आणि राख लावून घासलं, विस्तवावर धरलं की शुद्ध होतं. मातीचं भांडं विटाळलं की फोडावं लागतं. चिनी माती ही शेवटी मातीच, तीही परक्या हातची. त्यामुळे सोवळ्याच्या स्वयंपाकात चिनी मातीचं आणि काचेचं भांडं चालत नसे. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर जमलेल्या पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. डॉक्टर आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' या पत्रात छापून आणली आणि गावात वादळ उठलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, घराघरांवर बहिष्काराचं सावट आलं. १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. उच्च न्यायालयात बसण्याच्या योग्यतेचा माणूस, पण मिशनऱ्याच्या हातचा एक कप चहा त्याच्या घराला दोन वर्षं पुरला.

या घटनेकडे आपण सुधारकांच्या इतिहासातलं एक प्रकरण म्हणून पाहतो. मला त्यात कप दिसतो. माणूस माणसाकडे जातो, बसतो, ऐकतो, बोलतो, तिथवर समाजाचं काही बिघडत नाही. एकाच्या घरचं भांडं दुसऱ्याच्या ओठाला लागलं की बिघडतं. म्हणून आपल्याकडे कोणाशी किती जवळीक आहे हे कळायला भाषणांपेक्षा भांडी जास्त उपयोगी पडतात.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी हे अचूक ओळखलं होतं. त्यांच्या पदरी असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून सवर्ण नोकरांनी मारलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. गंगारामांनी चहाचं हॉटेल काढलं, 'सत्यसुधारक' या नावाचं. महाराच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज आपली गाडी हॉटेलासमोर उभी करून चहा मागवू लागले. सोबतच्या सरदार-अधिकाऱ्यांना आणि कामं घेऊन आलेल्यांनाही तो घ्यावा लागे. हुकूम काढून एखादी वसतिगृहाची इमारत उभी राहते. ओठ आणि कप यांच्यातलं अंतर हुकमाने मिटत नाही, त्यासाठी राजाला स्वतः चहा प्यावा लागला. त्या चहात किती राजकारण होतं आणि किती माया होती हे वेगळं काढता येणार नाही, आणि काढायची गरजही नाही.

पुढे चहा सगळीकडे पोचला. १९०३ साली चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. गिरण्या, रेल्वे, इराणी हॉटेलं यांच्या पाठीवर बसून तो गावोगाव गेला. चहा पोचला तिथे वेगळा कपही पोचला. गावातल्या हॉटेलाच्या बाहेर, खिळ्याला किंवा कोनाड्यात, दलितांसाठी वेगळी कपबशी असायची. ज्याची त्याने विसळून घ्यायची आणि पुन्हा विसळून ठेवायची. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त या वेगळ्या कपबशीविरुद्ध पोलिसांकडे तक्रार घेऊन जाणारी पोरं आहेत. ते पुस्तक १९८४ चं. म्हणजे संविधानाचं सतरावं कलम येऊन तीन दशकं उलटून गेल्यावरचं.

कायदा होता. १९५५ चा अस्पृश्यता अपराध अधिनियम, पुढे १९७६ पासून ज्याला नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात, त्याच्या चौथ्या कलमात हॉटेलातल्या भांड्यांचा वेगळा उल्लेख आहे. सार्वजनिक हॉटेलात ठेवलेली भांडी वापरायला अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला अडवलं तर तो गुन्हा. कायदा लिहिणाऱ्यांना कपबशीचं महत्त्व कळलं होतं हे त्यावरून दिसतं. पण कायद्याचा हात हॉटेलच्या दारापाशी थांबतो. माझ्या घरातल्या कोणत्या फळीवरचा कप मी कोणाला द्यावा हे कोणतंही न्यायालय मला सांगणार नाही, आणि सांगू नये असंच माझं मत आहे. सरकार माझ्या फडताळात डोकवायला लागलं तर ते मला सोसणार नाही. म्हणूनच तिथे काय चाललं आहे याची जबाबदारी पूर्णपणे माझी उरते.

२०११-१२ साली झालेल्या भारत मानव विकास सर्वेक्षणात सुमारे ४२ हजार कुटुंबांना आधी विचारलं गेलं, तुमच्या घरी कोणी अस्पृश्यता पाळतं का? नाही म्हणणाऱ्यांना पुढचा प्रश्न होता, दलित व्यक्ती तुमच्या स्वयंपाकघरात आली किंवा तिने तुमची भांडी वापरली तर चालेल का? दोन्ही उत्तरं मिळून सुमारे २७ टक्के कुटुंबांत अस्पृश्यता कोणत्या ना कोणत्या रूपात असल्याचं दिसलं. हा दुसरा प्रश्न ज्याने कोणी सुचवला त्याला आपल्या घरांची चांगली ओळख असणार. अस्पृश्यता हा शब्द ऐकला की आपण सगळे सावध होतो. भांड्यांचं नाव निघालं की खरं बोलतो.

आता वडप्याकडे येतो, कारण इथे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत घरं इतकी बदलली की वळचण शिल्लकच राहिली नाही. मुंबई-नाशिक महामार्गाला भिवंडीचा बायपास जिथे मिळतो तिथलं हे गाव. भाताची खाचरं गेली, त्यावर गोदामं आली. माजिवडा ते वडपे रस्ता आठ पदरी करायचं काम निघालं. नागपूरहून ७०१ किलोमीटर येणारा समृद्धी महामार्ग शेजारच्या आमण्यात उतरतो, त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. जमिनीचे पैसे आले तशी कौलं गेली आणि स्लॅब आले. बैठकीच्या खोलीत काचेचं शोकेस आलं, शोकेसमध्ये लग्नात आलेला टी-सेट, सोनेरी काठाचा, अजून खोक्यातला कागद आतमध्ये तसाच. ज्या जमिनीत कातकरी बाया आवणीला उभ्या राहायच्या तिथे आता उत्तर प्रदेशातली, बिहारमधली, मराठवाड्यातली माणसं ट्रकमधून खोकी उतरवतात. त्यांच्या बायका आमच्या घरी धुण्याभांड्याला येतात.

आमच्या घरी येणाऱ्या मावशी परभणीकडच्या. नवरा गोदामावर भरण-उतरणीला. त्या पहिल्या दिवशी आल्या तेव्हा माझ्या बायकोने हाताला आला तो स्टीलचा पेला घेऊन त्यांना चहा दिला. दुसऱ्या दिवशी तोच पेला शोधून दिला. महिनाभरात तो 'मावशींचा पेला' झाला आणि भांड्यांच्या जाळीतून उठून मोरीवरच्या खिडकीत जाऊन बसला. कोणी ठरवलं नव्हतं. आमच्या घरात जातीचा उच्चार होत नाही, मी स्वतः सभांमधून समतेवर बोललो आहे, माझ्या मुलांची लग्नं जात न विचारता झाली. तरी तो पेला खिडकीत गेला, आणि गेला हे चार वर्षं माझ्या ध्यानात आलं नाही. आजीच्या वळचणीला मनातल्या मनात नावं ठेवणाऱ्या नातवाच्या घरी वळचण खिडकीत आली होती.

ते ध्यानात आलं त्याला एक निमित्त झालं. मावशींची मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली म्हणून आम्ही दोघं पेढे घेऊन त्यांच्या खोलीवर गेलो. गोदामांच्या मागे पत्र्याची चाळ आहे, तिथे दहा बाय दहाची खोली. 'बसा की ओ ताई, असं उभ्याउभ्या काय,' म्हणत मावशींनी लेकीला खुणेने बाहेर पाठवलं. पोरगी दोन मिनिटांत ओढणीखाली काहीतरी झाकून परत आली. मग चहा आला, दोन फुलाफुलांच्या कपबश्यांमधून. एक कप त्यांचा होता आणि दुसरा शेजारून मागून आणलेला, कारण दोन्हींवरची फुलं वेगळी होती. मावशींनी स्वतःचा चहा वाटीत घेतला. लेकीने टोपातच उरलेला घोटभर घेतला.

इथे माझ्या मांडणीला अडचण येते आणि ती मी लपवणार नाही. मावशींनीही आम्हाला वेगळ्याच कपातून चहा दिला होता. त्यांच्याही घरी पाहुण्यांचा कप निराळा आणि घरच्यांचं भांडं निराळं होतं. मग फळीवरच्या कपाला मी नावं कशाला ठेवतो? खास कप हा दोष असेल तर तो मावशींच्या खोलीतही होताच.

या प्रश्नाने मला बरेच दिवस छळलं. मला सापडलेलं उत्तर असं आहे. घरातला सर्वांत चांगला कप कोणाला मिळतो हे पाहून त्या घराबद्दल फारसं काही कळत नाही, कारण तो सगळीकडेच पाहुण्याला मिळतो. सर्वांत वाईट भांडं कोणाकडे जातं ते पाहावं. मावशींच्या घरी वाटी मावशींनी घेतली. आजीच्या घरी करवंटी कातकरी बायांकडे गेली. माझ्या घरी खिडकीतला पेला मावशींकडे गेला. पहिल्या घरात यजमानाने उणं स्वतःकडे घेऊन अधिक पाहुण्याला दिलं होतं, ते आतिथ्य. उरलेल्या दोन घरांत यजमानाचं काही कमी झालं नाही, फक्त माणसांची वर्गवारी झाली. वरून पाहता कृती एकच दिसते, म्हणून आपली फसगत होते, आणि वर्गवारी करणारं घर स्वतःला अगत्यशील समजत राहतं.

पण माझ्या आईचं काय? तिनेही उणं स्वतःकडे घेतलं होतं. कान तुटलेला कप तिचा होता, आणि मी ज्या मापाने मावशींना थोर म्हणतो त्याच मापाने आईला थोर म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मराठीत आईच्या त्यागावर इतकं लिहून झालं आहे की तेच पुन्हा लिहायला हात आपोआप वळतो. मला ते पटत नाही. मावशींनी त्या दिवशी वाटी घेतली. आईने तो कप आयुष्यभर घेतला. वडिलांनी एकदाही घेतला नाही, मी एकदाही घेतला नाही. एकच माणूस, दर दिवशी, न विचारता तेच भांडं उचलत असेल तर त्याला दान म्हणता येत नाही, ते ठरवून दिलेलं स्थान असतं. चटका बसू नये म्हणून तिने पदराने धरलेला तो कप पाहून आमच्यापैकी कोणालाही काही वाटलं नव्हतं, जसं वळचणीच्या वाट्या पाहून वाटलं नव्हतं. त्यामुळे माझं माप मला थोडं दुरुस्त करावं लागतं. वाईट कप कोणाकडे जातो एवढं पाहून भागत नाही, तो नेहमी त्याच माणसाकडे जातो का हेही पाहिलं पाहिजे.

फळीवरच्या कपांबद्दलही बायकांची बाजू ऐकायला हवी. आमच्या भागात बाईच्या मालकीच्या वस्तू थोड्या असत. घर नवऱ्याच्या नावे, जमीन सासऱ्याच्या नावे. तिच्या म्हणाव्यात अशा वस्तू म्हणजे माहेरची नावं घातलेली भांडी, संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाण म्हणून आलेल्या बश्या, जुन्या साड्या देऊन बोहारणीशी तासभर घासाघीस करून मिळवलेला कपांचा जोड. ते कप ती पाहुण्यांसमोर ठेवते तेव्हा ती पाहुण्याला मान देतेच, पण आपलंही काही आहे हे त्या ट्रेमधून सांगत असते. शिवाय पाहुणे घराची परीक्षा घ्यायला येत, विशेषतः मुलगी बघायला आलेले. चहा पिऊन झाल्यावर बशी उलटी करून मागचा शिक्का पाहणारी माणसं मी पाहिली आहेत. अशा जगात बाईने चार कप जपून ठेवले तर तिला दोष देणं हे ज्याने कधी कप विसळला नाही अशा पुरुषाचं तत्त्वज्ञान होईल. माझं तत्त्वज्ञान बरीच वर्षं तसंच होतं.

वेगळ्या पेल्याचं समर्थन मात्र अलीकडे निराळ्या भाषेत होतं. जातीचं नाव कोणी घेत नाही, स्वच्छतेचं घेतात. 'कोणाला काय आजार असेल सांगता येत नाही.' या युक्तिवादाला मी गांभीर्याने घेऊन पाहिलं. विमा विकायला आलेला माणूस पूर्ण अनोळखी असतो. तो कुठून आला, त्याला खोकला आहे की क्षय, काही माहीत नसतं. त्याला सोनेरी काठाचा कप मिळतो. मावशी चार वर्षं रोज आमच्याकडे येतात, त्यांची तब्येत आम्हाला घरच्यासारखी ठाऊक आहे, शिवाय आमचे सगळे कप त्याच घासतात. ज्या हातांनी घासलेला कप आमच्या ओठांना चालतो, त्याच माणसाच्या ओठांना लागलेला कप साबणाने धुऊनही चालत नाही? जंतूंना असला हिशेब येत नाही.

२०२० चा उन्हाळा अपवाद होता. टाळेबंदीत मुंबई-ठाण्यातून निघालेली माणसं याच महामार्गाने नाशिककडे चालत गेली, डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं. रस्त्यालगतच्या गावांतून लोकांनी त्यांना पाणी दिलं, खिचडी दिली, कागदी कपांतून चहा दिला. तेव्हा कागदी कपाला खरं कारण होतं आणि तो देणाऱ्या हातांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण साथ गेली तरी कप राहिला. आता आमच्या गावात बऱ्याच घरी कागदी कपांची नळी फ्रिजवर ठेवलेली असते. गॅसचा सिलिंडर आणणारा, प्लंबर, कुरिअरवाला, रंगारी, टाकी साफ करणारा, सगळ्यांना त्यातून चहा. विसळायचा त्रास नाही आणि मुख्य म्हणजे मनाला टोचणी नाही. करवंटी वळचणीला राहायची, म्हणून दिसायची, म्हणून कोणीतरी कधीतरी तिच्याविरुद्ध बोलू शकलं. खिळ्याला टांगलेल्या कपबशीविरुद्ध तक्रार लिहिता आली. कागदी कप चहा संपताच कचऱ्यात जातो आणि पुरावा उरत नाही. दिलं ते भांडं परत घ्यायचंच नाही, इतक्या टोकाला आजीसुद्धा गेली नव्हती.

या कपाने देहाचंही भलं होत नाही. कागद भिजू नये म्हणून आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०२० साली दाखवलं की अशा कपात १०० मिलिलिटर गरम द्रव पंधरा मिनिटं राहिला तर प्लास्टिकचे सुमारे २५ हजार सूक्ष्म कण त्यात उतरतात. कष्टाची कामं करणारी माणसं दिवसातून पाच-सहा वेळा चहा घेतात, पुष्कळदा जेवणाच्या ऐवजी घेतात. स्वच्छतेच्या नावाने आपण त्यांना काय पाजतो आहोत?

या सगळ्यात मला टपरीवरच्या काचेच्या ग्लासची आठवण येते. भिवंडीत यंत्रमागांच्या खडखडाटात, गल्लीच्या तोंडाशी, एका तारेच्या जाळीत आठ ग्लास घेऊन पोऱ्या मागामागांतून फिरायचा. तेलुगू पद्मशाली, उत्तरेकडचे अन्सारी, कोकणातले कुणबी, घाटावरचे मराठे, बौद्ध, सगळ्यांच्या हाती त्याच आठ ग्लासांतला एकेक. पाण्यात बुचकळून तोच ग्लास पुढच्याला. ते पाणी फारसं स्वच्छ नसायचं हे मान्य करतो. पण माझ्या वडिलांनी घरी ज्यांच्याबरोबर चहा घेतला नसता त्यांच्याबरोबर तिथे घेतला, आणि संध्याकाळी घरी येऊन स्टीलच्या पेल्यातून पुन्हा घेतला. बाहेर मोडलेली रीत ते उंबऱ्यावर चपलेसारखी काढून ठेवत. आपल्यापैकी बहुतेकांचं आजही तेच चाललं आहे. कार्यालयात, कँटीनमध्ये, गाडीत आपण कोणाच्याही शेजारी बसून कशातूनही पितो. घरी आल्यावर फडताळ उघडतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच नाही की मावशींना चांगला कप द्या. तसं केलं तर एक खास कप आणखी वाढेल आणि आपण किती उदार आहोत हे त्यांना रोज पाहावं लागेल. घरात कपांचे दर्जेच नसावेत असं मला म्हणायचं आहे. महाग कप फुटतात, जिवाला लागतं, हे खरं. मग इतके महाग घेऊ नयेत. जे घेऊ ते सगळ्यांसाठी एकच असावेत आणि रोजच्या वापरात असावेत. आलेल्या माणसाला मान द्यायचा तर त्याला इतर पुष्कळ वाटा आहेत. चहा ताजा टाकावा, साखर किती ते विचारावं, त्याला बसायला खुर्ची द्यावी, आपणही त्याच्यासोबत बसून प्यावा. यातलं प्रत्येक काम सोनेरी काठाचा कप काढण्यापेक्षा जड आहे, हे मी करून पाहिल्यावर सांगतो.

आम्ही भिवंडीतून एकसारखे बारा कप आणले. साधे, पांढरे, जाड. बश्या घेतल्या नाहीत. शोकेसमधला टी-सेट खोक्यात घालून भाचीला दिला, तिच्या बाळाच्या बारशाला तो कामाला आला. खिडकीतला पेला भांड्यांच्या जाळीत परत गेला. पहिल्या दिवशी बायकोने मावशींना त्यातला एक कप दिला तेव्हा त्यांनी तो घेतला नाही. 'मला माझा पेला बराय ताई, ह्यो फुटला-बिटला तर?' म्हणाल्या. आधी काम केलेल्या एका घरी कप फुटला म्हणून पगारातून पैसे कापले होते, हे त्या दिवशी कळलं. आग्रह केला तर ती जबरदस्ती होईल आणि सोडून दिलं तर खिडकी परत येईल, अशा कात्रीत आम्ही दोघं होतो. बायकोने स्वतःचा चहा त्या स्टीलच्या पेल्यात घेतला आणि कप त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी बराच वेळ तो तसाच ठेवला, मग दोन्ही हातांनी धरून प्यायल्या. उंबऱ्यापाशी बसूनच. खुर्चीवर बसायला त्यांना आणखी दोन महिने लागले आणि अजूनही घरात दुसरं कोणी आलं की त्या उठून उभ्या राहतात.

बारा कपांपैकी आता नऊ उरले आहेत. दोन गणपतीत फुटले, एक नातवाने पाडला. सकाळचे कप मी विसळतो, आणि परवा विसळताना माझ्याच हातून एकाचा कान गेला. तो आम्ही टाकला नाही. सकाळी सातच्या चहाला तो मी घेतो, रुमालाने धरून. संध्याकाळी ज्याच्या हाताला येईल त्याचा.